न सुटणारी नजर

बाहुल्या दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानाबाहेर तीळ ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे एखादी पोर मोडक्या हाताची बाहुली छातीशी धरून यायची, रडवेल्या तोंडानं ती टेबलावर ठेवायची आणि पुढच्या खेपेला हसत घेऊन जायची. आता मोठी माणसं येत होती, आणि ती काही बाहुल्यांसाठी येत नव्हती.

दुकानाचा मालक दुकानातच होता. कामाचं टेबल भिंतीला सारून तिथे लोखंडी खाट टाकली होती आणि खाटेवर तो उताणा पडला होता. नाकात नळी, छातीपर्यंत पांढरी चादर, डोळे टक्क उघडे. तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर बाहुल्यांची धडाविना डोकी मांडलेली होती आणि त्यांचेही डोळे उघडेच होते. आत पाऊल टाकणाऱ्याला कोण कुणाकडे बघतंय याचा पत्ता लागत नसे. नजरबाबा नावाच्या मांत्रिकाला नेमकं तेच हवं होतं.

"नाव माझं नजरबाबा, पण नजर माझी नाही, याची!" खाटेच्या उशाशी उभा राहून तो म्हणत होता. "मी नुसता हमाल. याची जीभ बंद, हात बंद, पाय बंद, पण वरच्यानं एक खिडकी उघडी ठेवलीय. ज्यानं करणी केली तो समुद्रापार पळाला तरी ही नजर त्याला सोडायची नाही. आणि डॉक्टर काय म्हणतात? पेशंटला काही कळत नाही! अहो, तुम्हाला कळत नाही म्हणून पेशंटलाही कळत नाही, हे कुठलं शास्त्र?"

हशा पिकला. हसणारा माणूस शंका विचारत नाही, हे बाबाला पक्कं ठाऊक होतं.

मागे, बाहुल्यांच्या केसांच्या पोत्यांना टेकून, मालकाची बायको उभी होती. गल्ली तिला बाहुलीवाली म्हणायची. थंडीतल्या एका सकाळी तिचा नवरा अंघोळीला गेला तो आपल्या पायांनी बाहेर आलाच नाही. दार फोडलं तेव्हा तो फरशीवर पडला होता. अंगावर ओरखडा नाही, चेहरा उलट गुलाबी. दवाखान्यात जीव वाचला, पण माणूस परत आला नाही. गॅसच्या गिझरचा विषारी वायू न्हाणीघरात कोंडला, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण तो वायू कुणाला दिसला नव्हता, त्याचा वास कुणाला आला नव्हता. गुलाबी चेहरा मात्र सगळ्यांनी पाहिला होता. "मरणाच्या दारातला माणूस कधी गुलाबी होतो का हो?" असं बाबानं पहिल्याच दिवशी विचारलं आणि सासूबाईंच्या काळजात ते काट्यासारखं रुतून बसलं.

बाबानं आजाऱ्याच्या कानांमागे दोन्ही तळवे सरकवले आणि डोकं किंचित उचललं. मंत्र सुरू झाला, झोके घेत, लांबवत.

"आई?" डोकं सासूबाईंकडे वळलं, थांबलं, मग अगदी सावकाश दुसरीकडे गेलं. डोळेही डोक्याबरोबर गेले. "आई सुटली!"

"भाऊ?" तिच्या दिराकडे डोकं वळलं आणि तसंच संथपणे परत आलं. "भाऊ सुटला!"

"बायको?"

डोकं तिच्याकडे वळलं. बाबा थांबला, मंत्रही थांबला. गल्लीतल्या माणसांनी श्वास रोखले. मग बाबा एकदम ओरडला, "फिरव रे तोंड! दया कर तिच्यावर!" आणि त्यानं डोकं झटक्यात पलीकडे वळवलं.

तोंड पलीकडे गेलं, पण डोळे गेले नाहीत. ते कोपऱ्यात सरकून तिच्यावरच खिळून राहिले.

कुणीतरी किंचाळलं. बाहुलीवाली मटकन पोत्यांवर बसली.

"दुसऱ्यांदा!" बाबा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "येत्या रविवारी शेवटची नजर. तेव्हाही हीच सापडली तर हिनं या घराचा उंबरा सोडायचा. आणि हा पुण्यवान जीव माझ्या मठात येईल. जगाला उत्तरं देईल."

दिरानं मान डोलावली. सासूबाई सुनेकडे बघतही नव्हत्या. बाहेर जाताना एक ओळखीची बाई तिच्या पायाशी थुंकली. समोरच्या शिंपिणीच्या दुकानाला कुलूप होतं ते बाहुलीवालीला गर्दी पांगल्यावर दिसलं. मागच्या खेपेला शिंपीण बिचारी नुसती विचारपूस करायला आली होती. त्याच दिवशी कुणीतरी हरवलेल्या साखळीबद्दल बाबाला विचारलं, नजर शिंपिणीवर अडकली, आणि संध्याकाळपर्यंत लोकांनी तिच्या शिवणयंत्राचं चाक मोडून गटारात टाकलं होतं. आता रविवारी आपलं काय होणार, हे बाहुलीवालीला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि मठात यांना नळीतून भरवणार कोण? कुशीवर वळवणार कोण? नजरेचा धंदा करणाऱ्याला पाठीची जखम थोडीच दिसते.

तरीही खरी भीती याहून वेगळी होती. तिनं काही केलं नव्हतं, पण ते डोळे बघून तिलाच वाटू लागलं होतं की काहीतरी केलं असावं. रोज ती त्यांच्यासमोर बसून विचारायची, "माझं काय चुकलं हो?" आणि मनात एक वेडा दिलासाही असायचा. रागानं का होईना, हे बघतायत तरी माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याचं अंग पुसत होती. कानामागे बाबाच्या अंगठ्यांचे लालसर वण उठले होते. ते बघून तिला असा संताप आला की तिनं फडकं पिळलं आणि त्याचं डोकं जरा जोरातच भिंतीकडे वळवलं. डोळे मागेच राहिले. समोर रिकामी खुर्ची होती. ते रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बघत होते.

तिनं फडकं खाली ठेवलं. आयुष्यभर तिनं दुसरं केलं काय होतं? डोकं हातात धरायचं, फिरवायचं, डोळे कसे हलतात ते बघायचं. प्रत्येक बाहुली दुकानातून जाण्याआधी अशीच तपासली जायची. तिनं डोकं सरळ केलं, जरा थांबली, मग अगदी सावकाश वळवलं. डोळे निमूट बरोबर आले. झटका दिला की डोळे मागे राहिले. या बाजूला, त्या बाजूला, दर वेळी तेच.

ती तशीच उठली, बाजारातून आणलेली पिशवी खांद्याला अडकवली, आणि मेंदूच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी तिच्या पिशवीतून डोकावणारा फ्लॉवरचा गड्डा उचलून टेबलावर ठेवला.

"हे वरचे तुरे म्हणजे मोठा मेंदू," त्या म्हणाल्या. "ओळखणं, आठवणं, माया करणं, आळ घेणं, सगळं इथलं. प्राणवायू तुटला की पहिला मार यालाच बसतो. आणि हा खालचा देठ, याला म्हणतात मस्तिष्कस्तंभ. हा चिवट असतो. अगदी खालच्या भागात श्वास, नाडी, गिळणं, खोकणं. त्याच्या वरच्या फुगीर भागातून चेहरा हलतो, डोळे बाजूला वळतात. आणि सगळ्यात वरच्या तुकड्यामुळे उजेड पडला की डोळ्याचं छिद्र लहान होतं, दणका ऐकला की माणूस दचकतो."

"हे दचकतात. जांभईही देतात. सकाळी डोळे उघडतात, रात्री मिटतात."

"देतील ना. देठाच्या वर, तुऱ्यांच्या पोटात एक गाठ दडलेली असते. डायएनसेफेलॉन असं तिचं लांबलचक नाव. तिच्यात थॅलॅमस म्हणून भाग आहे, तो टपाल कचेरीसारखं काम करतो. पाहिलेलं, ऐकलेलं, अंगाला लागलेलं सगळं तिथे येतं आणि वर पाठवलं जातं. त्याच्याखाली बदामाएवढा हायपोथॅलॅमस. ताप, घाम, भूक, तहान, झोपेची आणि जागेची वेळ तो सांभाळतो. यांचा देठ चालू आहे, गाठही बरीचशी चालू आहे. टपाल निघतं, बाई. पण घेणारं घरात कुणी उरलेलं नाही. यांना जाग आहे, भान नाही."

"आणि डोळ्यांतून पाणी येतं ते?"

"तेही देठच करतो."

बाहुलीवाली गड्ड्याकडे बघत राहिली. "मग ती नजर?"

"कानाच्या आत हाडात बारीक नळ्या असतात, पाण्यानं भरलेल्या. डोकं झटक्यात फिरलं की पाणी मागे रेंगाळतं, देठाला खबर लागते आणि देठ डोळ्यांना उलट वळवतो. तुमच्यातही होतं हे, म्हणून तर चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते. डोकं अगदी हळू फिरवलं तर पाण्याला पत्ताच लागत नाही. आपण शुद्धीवर असलो की मोठा मेंदू मध्ये पडतो आणि हवं तिकडे बघतो. यांच्यात मध्ये पडणारं कुणी नाही. बेशुद्ध माणसाचा देठ जिवंत आहे का, हे आम्ही असंच डोकं वळवून तपासतो. त्या तपासणीला आम्ही बाहुलीचे डोळे म्हणतो."

बाहुलीवालीला हसू आलं नाही.

"तुमच्या बाबानं ते कुठल्यातरी अतिदक्षता विभागात पाहिलेलं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रविवारी मी येते. पण आधीच सांगते. हे सगळ्यांना दाखवलंत तर तुमच्यावरचा आळ जाईल, आणि त्याबरोबर आणखीही काही जाईल."

"कळतंय मला," ती म्हणाली. "आळ गेला की नजरही गेली."

डॉक्टरीणबाईंनी गड्डा तिच्या पिशवीत परत ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तो गिझर काढला ना?"

"नाही. सासूबाई रोज त्याच पाण्यानं अंघोळ करतात. रोज डोकं धरून बाहेर येतात, मळमळतं त्यांना. बाबा म्हणतात, करणी आता आईकडे वळली."

"आणि झरोका?"

"थंडीत यांनीच पुठ्ठा लावला होता. भावजींनी चिकटपट्टी धरली होती, मी स्टूल धरलं होतं. तो तसाच आहे."

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्याच. "अहो, खरा मारेकरी तुमच्या भिंतीवर लटकतोय आणि तुम्ही सगळे कोपऱ्यात बायका शोधताय!"

घरी येताच तिनं पुठ्ठा ओढून काढला. तासाभरात दिरानं तो पुन्हा चिकटवला, पहिल्यापेक्षा घट्ट. "वहिनी, बाबांनी बजावलंय, घरातलं एकही भोक उघडं राहता कामा नये. आणि तुम्हालाच बरी त्या भोकाची घाई!" सासूबाई उशीला डोकं टेकून कण्हत होत्या. त्यांचे गाल हल्ली जरा जास्तच गुलाबी दिसायचे, आणि बाहुलीवालीला ते बघवत नव्हतं. ती रोज पुठ्ठा काढायची आणि दीर रोज लावायचा. निदान अंघोळीच्या वेळी दार उघडं ठेवा, म्हणून ती सासूबाईंच्या पाया पडली. त्यांनी पाय आखडून घेतले.

रविवारी दुपारीच गर्दी जमली. या खेपेला कुणी हसत नव्हतं. दारात बाबाची गाडी लागलेली होती, मागच्या बाजूला गादी घातलेली. पुढे उभ्या असलेल्या काही पुरुषांचे खिसे जड होऊन लोंबत होते आणि त्यांत काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ते सगळे शेजारीच होते. त्यांच्या मुलींच्या बाहुल्या तिनंच जोडून दिल्या होत्या.

बाबानं बाह्या सारल्या. तेवढ्यात बाहुलीवाली पुढे आली.

"शेवटची नजर आहे ना? मग एकदा यांचं डोकं मला हातात घेऊ द्या."

"पाप्याचा हात?" बाबा डरकाळला. "विटाळेल नजर!"

"माझ्या हातानंच रोज धुतलं जातं ते," ती सासूबाईंकडे वळून म्हणाली. "आई, तुम्ही सांगा. एकदाच. मग तुम्ही म्हणाल तिकडे जाईन."

सासूबाईंनी डोळे मिटून मान हलवली. आता नाही कसं म्हणणार? बाबा एक पाऊल सरकला, फार लांब मात्र गेला नाही.

तिनं तळवे कानांमागे घातले. डोकं हळूच बाबाकडे वळवलं आणि थांबली. मग एकदम पलीकडे फिरवलं. डोळे बाबावर खिळून राहिले.

गर्दीतून चित्कार उठला. बाबाचा चेहरा पांढरा पडला, पण तोंड चालूच होतं. "बघा! गुरूकडे बघतोय! मदत मागतोय!"

तिनं डोकं दिराकडे नेलं, झटका दिला, डोळे दिरावर. "वहिनी!" तो मागे सरला आणि फळीवरची चार डोकी गडगडत खाली आली. मग तिनं नवऱ्याचं डोकं फळीकडे नेऊन झटका दिला. नवरा एका टकल्या बाहुलीकडे टक लावून बघू लागला. मग दिव्याकडे. मग दाराच्या कडीकडे. पुढे उभा असलेला एक माणूस नकळत हसला आणि लगेच तोंड दाबून उभा राहिला.

"हिनं नजर बांधली!" बाबा ओरडला. "चेटकीण आहे ही!"

"मग आईंच्या हातानं होऊ दे," गर्दीतून डॉक्टरीणबाई पुढे येत म्हणाल्या. "आई तरी चेटकीण नाहीत ना? या आई, अशा उशाशी या. स्वतःकडे वळवा. थांबा जरा. आता पटकन पलीकडे."

म्हातारी उशाशी आली. तिनं वळवलं. मुलाचे डोळे आईच्या चेहऱ्यावर रुतून बसले.

"म्हणजे मी?" त्या म्हणाल्या. "मी मारलं माझ्या पोराला?"

"कुणीच नाही, आई," बाहुलीवाली म्हणाली. "आता हळू वळवा. अगदी हळू."

सासूबाईंनी डोकं हळू वळवलं. डोळे बरोबर गेले, त्यांना सोडून, रिकाम्या भिंतीकडे. म्हातारीनं पुन्हा झटका दिला, पुन्हा हळू वळवलं, पुन्हा झटका दिला. सगळ्या गल्लीनं ते पाहिलं. झटका म्हणजे गुन्हेगार, सावकाश म्हणजे निर्दोष, आणि निवाडा सगळा बाबाच्या अंगठ्यांत!

डॉक्टरीणबाईंनी मग कानातल्या पाण्याचं आणि देठाचं सगळं सांगितलं, फार शब्द न वापरता. शेवटी त्या बाबाकडे वळल्या. "कुठल्या वॉर्डात कामाला होतास रे?"

"मेडिसिनच्या, मॅडम," बाबाच्या तोंडून निघून गेलं आणि त्यानं जीभ चावली.

मग खिशांतले दगड बाहेर आले. माणसं तीच होती, हातही तेच होते, नेम तेवढा बदलला होता. बाहुलीवाली दारात जाऊन आडवी उभी राहिली.

"टाका खाली ते! आठवडाभर माझ्यासाठी सांभाळलेत, आता याच्यावर खर्च करताय होय? याला पोलीस बघतील. तुम्ही आधी शिंपीणबाईंच्या यंत्राचं चाक गटारातून काढा आणि त्यांना हात जोडून परत आणा."

एकेक दगड खाली पडला. त्या आवाजानं खाटेवरचा माणूस दचकला, आणि या वेळी कुणीही त्यातून अर्थ काढला नाही.

गर्दी पांगली तरी सासूबाई मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "सूनबाई," त्यांनी बऱ्याच वेळानं विचारलं, "म्हणजे हा मला बघत नाही?"

बाहुलीवालीला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता, म्हातारी त्यावर जगली असती. पण त्याच शब्दाच्या जोरावर आठवडाभरात तिला स्वतःलाच घराबाहेर काढायची तयारी झाली होती.

"नाही, आई. माझ्याकडेही बघत नाहीत."

दोघी एकमेकींना धरून रडल्या. तो खाटेवर पडल्यापासून त्या दोघींनी त्याच्यासाठी पहिल्यांदाच मोकळेपणानं रडून घेतलं. मग सासूबाई उठल्या, भिंतीला धरत न्हाणीघरात गेल्या आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला. दीर धावला. "आई, पडशील!" म्हातारीनं त्याला हातानं मागे सारलं आणि दोन्ही नखांनी पुठ्ठा टराटरा फाडून खाली फेकला. गार वारा आत आला. "आता तो गिझर उतरव," ती म्हणाली, "आणि पुन्हा कुणी मला भोकं बुजवायला सांगितलं तर त्याला आधी माझ्याकडे पाठव."

त्या दुकानाच्या मालकाकडे पूर्वी एक गिऱ्हाईक बाहुली परत घेऊन आलं होतं. रात्री ही माझ्याकडे रोखून बघते, अशी त्याची तक्रार. मालक हसून म्हणाला होता, "साहेब, डोळे बसवणं आमचं काम, बघणं तुमचं." गल्लीनंही त्या गिऱ्हाइकासारखंच केलं. तिला ज्याच्यावर आळ घ्यायचा होता त्याच्यावर तिनं ती नजर नेली. उद्या तुमच्या दारातही कुणी असा चमत्कार घेऊन येईल. त्याच्या डोळ्यांकडे बघू नका, बोलण्याला तर कान देऊच नका. त्याचे हात काय करतायत ते बघा, आणि मग तेच तुमच्या हातानं करून बघा.